शेगडीवाल्यांचा बियांचा चाफा

गुरुवार, १४ मार्च. नळाला पाणी साडेसहाला आलं. खाली शेगडीवाल्यांच्या चाफ्याचं पहिलं फूल उमललं. सगळे बघायला जमले. पांढरं, मध्ये पिवळं, पाकळ्या जरा अरुंद. वास नाही. मी "छान आहे" म्हटलं. दुपारी चादरी धुतल्या. गुडघा बरा.

त्या दिवसाची नोंद एवढीच आहे. कॉन्व्हेंट शाळेत असताना आमच्या सिस्टरनी रोज पाच ओळी लिहायची सवय लावली आणि वहीत खोटं लिहायचं नाही अशी अट घातली. वहीच्या बाहेर काय बोलायचं याबद्दल मात्र मी पुढे बरीच सवलत घेतली. त्या दिवशी घेतलेली सवलत दहा दिवसांत अंगाशी आली, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

शेगडीवाले आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहतात आणि मी त्यांच्या बरोब्बर वर. ते माझ्या यजमानांचे मित्र. यजमान जाऊन आता नऊ वर्षं झाली, पण मी अजून त्यांची वहिनी आणि ते माझे भाऊजी. त्या हिशेबानं त्यांची बायको माझी जाऊ, म्हणून मी त्यांना जाऊबाई म्हणते. सख्ख्या जावांमध्ये असतं ते सगळं आमच्यात आहे, फक्त वाटणी नाही.

भाऊजींनी जन्मभर गॅसच्या शेगड्या दुरुस्त केल्या. खांद्याला कॅनव्हासची पिशवी, तिच्यात पाने, बर्नर साफ करायच्या सुया, रबरी नळीचे तुकडे, आणि एका कपात साबणाचं पाणी नि दाढीचा जुना ब्रश. नळी बसवली की ते ब्रशनं प्रत्येक जोडावर फेस लावायचे आणि चष्मा कपाळावर ढकलून बघत राहायचे. फुगा आला तर गळती आहे, नाही आला तर नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, "अहो, नुसता वास घेतला तरी कळेल की!" त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "नाकाला सर्दी होते, साबणाला होत नाही."

खरी गोष्ट अशी की त्यांना वासच येत नाही. बाराव्या वर्षी लांबलेला ताप आला, तो महिन्यानं गेला आणि जाताना वास घेऊन गेला. घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही. मोठी बहीण, आक्का, हिला एकदा दिसलं की चुलीजवळचं फडकं पेटून धुमसतंय आणि हा शेजारी बसून पाढे घोकतोय. तिथून पुढे तिनं ते गुपित सांभाळलं. गॅसच्या धंद्यात शिरल्यावर तर ते सांगायची सोयच राहिली नाही. जाऊबाईंना लग्नानंतर तिसऱ्या आठवड्यात कळलं. दूध उतू जाऊन करपलं, घरभर धूर, आणि हे तिथेच बसून पान्याला तेल देतायत. "मला वाटलं, काय शांत स्वभावाचा नवरा मिळालाय!" असं त्या अजून सांगतात.

साठी उलटल्यावर भाऊजींनी दुकान बंद केलं आणि इमारतीच्या बैठकीत उभं राहून स्वतःच सगळ्यांना हे सांगून टाकलं. मग समोरचे मास्तर म्हणाले, "म्हणजे तीस वर्षं आम्ही ह्या माणसाच्या भरवशावर डोळे मिटून झोपलो?" भाऊजी म्हणाले, "उडालात का कधी?" कुणीच उडालेलं नव्हतं. आजही कुणाची शेगडी बिघडली तर आम्ही त्यांनाच हाक मारतो.

आता चाफ्याचं. त्यांच्या जुन्या घरी, अंगणातल्या नळाजवळ, त्यांच्या आईनं लावलेला चाफा होता. भाऊजींना आठवणारा शेवटचा वास त्याचाच. आक्कांनी लग्न केलं नाही, त्या त्याच घरात राहिल्या. सात वर्षांपूर्वी वादळात ते झाड आडवं झालं. भाऊजी पोचेपर्यंत खोड, फांद्या सगळं गाडीत भरून नेलेलं होतं. आक्कांनी दोन फांद्या वाचवून घाईघाईनं रोवल्या होत्या आणि वर बादलीभर पाणी ओतलं होतं. चाफ्याची फांदी तोडली की आठ-दहा दिवस सावलीत सुकवावी लागते, चीक बंद व्हावा लागतो. तशी ओलीच लावली तर कुजते. त्या दोन्ही कुजल्या. अंगण झाडताना भाऊजींना एक शेंग सापडली, बैलाच्या शिंगांसारखी जोडशेंग. चाफ्याला शेंग क्वचितच धरते. त्यांनी ती रुमालात बांधून आणली.

सगळं जग चाफा फांदीनं लावतं. भाऊजींनी बियांनी लावला. शेंगेत कागदी पंख असलेल्या चाळीसेक बिया निघाल्या. त्यातल्या अकरा रुजल्या, गोगलगायींनी सात खाल्ल्या, तीन जाऊबाईंनी पुदिना समजून जास्त पाणी घालून मारल्या. उरलेलं एक रोप आधी कापलेल्या तेलाच्या डब्यात आणि मग कुंपणाशी, पाण्याच्या मीटरजवळ जमिनीत गेलं. पानांच्या मागे तांबेरा आला की भाऊजी आपला दाढीचा ब्रश नि फेस घेऊन एकेक पान पुसत बसायचे. थंडीत पानं गळून नुसती बोटं उरली की जाऊबाई विचारायच्या, "हे झाड आहे की कपडे वाळत घालायच्या खुंट्या?"

असं सहा वर्षं चाललं. या सहा वर्षांत आक्कांची दृष्टी काचबिंदूनं गेली. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. गेल्या हिवाळ्यात त्यांनी फोनवर भावाला सांगितलं, "तुझ्या झाडाला फूल आलं की मला त्याची फांदी दे. मला दिसत नसलं तरी वास येतो. तुझ्यासारखी नाही मी." भाऊजींनी शब्द दिला. त्यांनी कुणाला शब्द दिला की तो माणूस निर्धास्त होतो.

तर १४ मार्चला भाऊजी ते पहिलं फूल तळहातावर घेऊन प्रत्येकासमोर फिरले. मास्तर म्हणाले, "अहाहा!" पहिल्या मजल्यावरची नर्स म्हणाली, "मंद आहे, पण आहे हं." मी काय म्हटलं ते वर लिहिलंच आहे. मला वाटलं, वयानं माझंच नाक गेलं असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी जाऊबाई वर आल्या. दार लावून घेतलं.

"वहिनी, खरं सांगा. तुम्हाला वास आला?"

"आला की. म्हणजे... तुम्हाला?"

"मी आधी विचारलं."

"मंद होता."

"किती मंद?"

"बराच मंद."

"म्हणजे नव्हता!" त्यांनी कपाळावर हात मारला. "मी काल रात्रीपासून फोडणीचा, साबणाचा, रॉकेलचा वास घेऊन नाक तपासतेय. सगळं येतं. ते मेलं फूल तेवढं येत नाही."

मग आम्ही दोघींनी चौकशी सुरू केली. नर्सबाई म्हणाल्या, औषधांच्या वासानं नाक मेलंय असं त्यांना वाटलं होतं. मास्तर म्हणाले, "मी तपकीर ओढतो. मला विचारू नका." म्हणजे ज्यानं त्यानं स्वतःच्या नाकाला दोष दिला होता आणि वर "अहाहा" म्हटलं होतं.

तरी एका फुलावरून निकाल नको, असं मी म्हटलं. पांढरा चाफा संध्याकाळी जास्त दरवळतो हे मला ठाऊक होतं. एव्हाना झाडाला नऊ फुलं आली होती. सहा दिवस आम्ही पहाटे, दुपारी आणि दिवेलागणीला खाली जाऊन वास घेतला. दोन फुलं स्टीलच्या डब्यात तासभर बंद करून झाकण उघडलं. एक कोमट पाण्यात टाकलं. एक चुरगाळलं. माझ्या वहीत तक्ता आहे: "पहाटे, नाही. दुपारी, नाही. संध्याकाळी, काकडीच्या सालीसारखा किंचित, की भास? डब्यात, स्टीलचा." बुधवारी जाऊबाईंनी फूल कानाशीही धरलं, वैतागून.

पुस्तकात पाहिलं तेव्हा कारण कळलं. बियांचं झाड आईसारखं निघेलच असं नसतं. फांदी लावली तर तेच झाड पुन्हा उभं राहतं. बी लावलं तर कुणास ठाऊक काय येईल. भाऊजींना नेमकं उलट वाटलं होतं, की बी म्हणजे अस्सल.

आणि वेळ नव्हता. रविवारी, २४ तारखेला, आक्कांची शेजारीण इकडे येणार होती आणि परत जाताना फांदी घेऊन जाणार होती. आंधळ्या बाईच्या अंगणात वास नसलेलं झाड पाठवायचं, म्हणजे तिथे काहीच न पाठवण्यासारखं. "तुम्ही सांगा," जाऊबाई म्हणाल्या. "मी सांगितलं तर म्हणतील, पहिल्यापासून तुला झाड आवडत नव्हतं."

शुक्रवारी मी खाली गेले. भाऊजी ओट्यापाशी कुणाची तरी शेगडी उलटी करून बसले होते.

"या वहिनी. तुम्ही दोघी रोज संध्याकाळी डबा घेऊन झाडाखाली काय करता?"

"भाऊजी, त्या फुलाबद्दल..."

"वास नाही," ते म्हणाले. हातातली सुई बर्नरच्या भोकात फिरवतच होते.

मी खुर्चीवर बसले. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. पन्नास वर्षं मी लोकांची तोंडं बघून वास ओळखतोय. घाण वास असला तर माणूस लगेच मागे होतो. चांगला असला तर फूल दुसऱ्यांदा नाकाशी नेतो, आपलं आपल्याला कळायच्या आत नेतो. त्या दिवशी अकरा जणांनी वास घेतला. दुसऱ्यांदा एकानंही नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, असेल मंद." सुई पुसून त्यांनी विचारलं, "तुमच्या वहीत काय लिहिलंय?"

मी वर जाऊन वही आणली आणि वाचून दाखवली. "वास नाही" इथे त्यांनी मान हलवली. "मी छान आहे म्हटलं" इथे हसले. मग मी सहा दिवसांचा तक्ताही वाचला. त्यांनी तो दोनदा वाचायला लावला, डब्याच्या ओळीसकट.

"झाडाची काही चूक नाही," ते म्हणाले. "त्यानं कधी सांगितलं होतं मला वास आहे म्हणून?" पण बर्नर त्यांनी उलटा बसवला, आणि जाऊबाईंनी तो काढून सरळ केला.

त्यांनी तेव्हाच आक्कांना फोन लावला. ऐकायला कमी येतं म्हणून ते फोनचा आवाज मोठा ठेवतात, त्यामुळे आम्हीही ऐकलं.

"आक्का, फुलाला वास नाही."

"तुला रे कसं कळलं?"

"दोघी बायकांनी सहा दिवस घेऊन बघितला."

"मग तू मला पाठवणार काय? काठी? काठी आहे माझ्याकडे."

मग आक्काच म्हणाल्या, "आईच्या झाडाचं काहीतरी येऊ दे बाबा. आणि वास असलेलं येऊ दे. दोन्ही एकदम जमत असेल तर बघ. नाहीतर राहू दे, मी काही रुसणार नाही."

रुसणार नाही म्हणाल्या, त्याअर्थी रुसणार होत्या. फोन ठेवल्यावर भाऊजी बराच वेळ रबरी नळीचा एक तुकडा दुसऱ्यात घालून काढत बसले. मग एकदम म्हणाले, "दोन निरनिराळ्या मापांच्या नळ्या जोडतोच ना आपण? मधे जोड असला की झालं. खाली माझी फांदी, वर वासाची."

कलम! मला ते सुचलं नव्हतं. पण त्यासाठी वास असलेला चाफा हवा, आणि तोही शक्य तो त्या जुन्या झाडासारखा. भाऊजींना तो वास आता आठवून सांगता येत नव्हता, पण आक्कांचं एक वाक्य पाठ होतं: "दुधावर लिंबाची साल किसावी तसा." तेवढ्या एका वाक्यावर आम्ही बाहेर पडलो. नाक माझं, डोळे त्यांचे.

तीन संध्याकाळी हिंडलो. दवाखान्याच्या फाटकाशी एक चाफा होता, त्याचा वास साबणाच्या वडीच्या कागदासारखा. वाचनालयाच्या मागचा गोड, पण डोकं चढेल इतका. मी म्हणे, "नाही," की भाऊजी विचारत, "नाही म्हणजे कसा नाही?" मला शब्द शोधावे लागत. इतकी वर्षं रोज लिहूनही मला वासाचे शब्द किती कमी येतात हे तेव्हा कळलं. गोड, उग्र, मंद की संपले.

तिसरं झाड बसच्या कार्यशाळेच्या मागच्या भिंतीला होतं. तिथे डिझेलचा इतका वास की मी भिंतीशी नाक लावून पावलापावलानं सरकत होते आणि भाऊजी पिशवी खांद्याला लावून मागे. समोरच्या चाळीवजा घरांतून एका बाईनं आम्हाला पाहिलं. शेगडीवाल्यांना सगळे ओळखतात.

"अगं बाई! गळती आहे का हो?" ती ओरडली. आम्ही उत्तर द्यायच्या आत तिनं आत जाऊन शेगडी बंद केली. मग शेजारणीनं केली. मग भराभरा खिडक्या उघडल्या आणि एक म्हातारे गृहस्थ हातात उशी घेऊन बाहेर आले.

"गळती नाही! फुलाचा वास घेतोय!" भाऊजी ओरडून सांगत होते.

"तुम्हाला वास येत नाही ना पण?" ती बाई म्हणाली. तिथवर ती बातमी पोचली होती.

"म्हणून तर वहिनींना आणलंय!"

उशीवाले गृहस्थ उशी घेऊन तिथेच उभे राहिले, आता काय होतं ते बघायला. मी फांदी खाली ओढून फूल नाकाशी नेलं. दूध. मग मागून, अगदी थोडी, लिंबाची साल. मी काही बोलायच्या आत भाऊजी म्हणाले, "हेच."

"अजून मी सांगितलं कुठे?"

"दुसऱ्यांदा घेतलात."

पहारेकऱ्याला विचारून आम्ही वीतभर लांबीचा शेंडा घेतला. रविवारी आलेली आक्कांची शेजारीण रिकाम्या हातानं परत गेली. तिला भाऊजींनी जुलैचा वायदा केला.

कलमाचं काम मंगळवारी, २ एप्रिलला झालं. भाऊजींनी आपल्या झाडाची सगळ्यात सरळ फांदी निवडली, शेंड्याशी आडवी कापली आणि मधोमध चिरली. आणलेल्या शेंड्याच्या बुडाला दोन्ही बाजूंनी पाचरीसारखी धार केली, चीक फडक्यानं टिपला, पाचर चिरेत बसवली आणि गॅसच्या जोडांना लावतात ती पांढरी टेफ्लॉनची पट्टी तिच्यावर घट्ट गुंडाळली. त्यावर प्लास्टिकची पिशवी. मग सवयीनं ते ब्रश नि फेसाचा कप शोधायला लागले.

"आता तिथे फेस लावणार?" जाऊबाई म्हणाल्या.

"जोड आहे," ते म्हणाले, पण लावला नाही.

पुढचे पंचवीस दिवस ते रोज सकाळी पिशवीतून आत बघत आणि मी वर गॅलरीतून त्यांना बघे. जोड काळा पडला तर संपलं. सव्विसाव्या दिवशी पिशवीत आतून थेंब धरले होते आणि शेंड्यावर तांदळाच्या दाण्याएवढं हिरवं टोक होतं. त्यांनी मला हाक मारली नाही. जाऊबाईंनी मारली, कारण ते खाली बसले होते आणि उठतच नव्हते. त्यांना काही झालं नव्हतं. एवढ्या जवळून दिसतंय तर बघत होते.

मे महिन्यात ती फांदी जोडाखाली हातभर अंतरावर कापली, दहा दिवस माळ्यावर सुकवली आणि वाळू मिसळलेल्या मातीत, कुंडीत लावली. पाण्याचा तांब्या जाऊबाईंच्या हाताला लागू नये म्हणून भाऊजींनी तो कपाटात ठेवला. जुलैत शेजारीण आली आणि कुंडी मांडीवर घेऊन गेली. खाली आईच्या झाडाचं बी, वर बसच्या कार्यशाळेचा शेंडा.

कुंपणाजवळचं बियांचं झाड आहे तिथेच आहे. त्याला फुलं भरपूर येतात. त्याच्या पानांमागचा तांबेरा भाऊजी अजून पुसतात. मी एकदा विचारलं की आता कशाला? ते म्हणाले, "म्हणजे काय? झाड आजारी पडतं ना."

चाफ्याची त्यानंतरची नोंद थेट दुसऱ्या वर्षीची.

बुधवार, २१ मे. सकाळी अकराला आक्कांचा फोन, भाऊजींकडे कुणी उचलला नाही म्हणून माझ्याकडे. "तुम्हीच ना त्या नाकवाल्या?" असं विचारलं. फूल परवा उमललं. त्या म्हणाल्या ते शब्दशः लिहिते: "वास आपल्या झाडाचा नाही. थोडा जास्त गोड आहे. पण आहे. नळ शोधायला मी भिंतीला हात लावत जायची, आता दारातून बाहेर आलं की कळतं कुठे वळायचं. त्याला सांगा, आईच्या झाडाचा नाही हे मला कळलंय, आणि फांदी ठेवून घेतली आहे." मी म्हटलं, दोन्ही सांगते. भाऊजी शेगडीच्या कामावर गेले होते, चारला आले. मी वाचून दाखवलं. "जास्त गोड म्हणजे किती?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आक्कांना विचारा. मग ते दार लावून फोनवर बसले, पाऊण तास. जाऊबाईंना चहासाठी वर बोलावलं. पिठाचा डबा धुऊन उन्हात ठेवला होता, तो आत घ्यायचा राहिला, सातला आणला.